उत्तरार्ध राखून ठेवलेला माणूस

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला पुष्कळ वर्षं ओळखायला हवं असं मला वाटतं, आणि दातारकाकांना मी ओळखतो ते गेल्या ऑगस्टपासून. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील चाळीसगावला पिठाची गिरणी चालवतात. आमच्याकडे लिहिण्याचं काम म्हणजे डब्यांवर खडूने गिऱ्हाइकांची नावं टाकणं. त्यामुळे हे असलं काही लिहायला बसताना ओशाळल्यासारखं होतंय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण ज्या माणसाने एकच सुपरहिरोचा पिक्चर थिएटरात जाऊन तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मध्यंतर झाल्याबरोबर उठून घरी आला, त्याच्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं. आणि त्यातल्या दोन वेळा शेजारच्या खुर्चीत मीच होतो.

मी इथे, डच लोकांच्या देशात, लायडनला जीवशास्त्रात एमएस्सी करायला आलो. प्रवेश मिळाला, खोली मिळाली नाही. इथे हे सगळ्यांचंच होतं. मराठी मंडळातल्या कोणीतरी दातारांचा नंबर दिला. अ‍ॅमस्टेलव्हीनला घर आहे, मुलगी शिकायला ग्रोनिंगनला गेलीय, तिची खोली रिकामी आहे, महिनाभर राहा म्हणाले. तो महिना कधीच संपला. त्याबद्दल आता कोणी बोलत नाही.

पहिल्या दिवशी मी दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिलो आणि बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. नाव विचारलं नाही, या म्हणाले नाहीत.

"एकदाच वाजवलीस?"

"हो काका."

"मी दार लावतो. तू दोनदा वाजव, पटापट. घाईत असलेला माणूस आला तर चालते का बघू."

दार लागलं. मी दोनदा वाजवली. दार उघडलं.

"दोन्ही वेळा वाजली. ये आत."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला पाणी तरी विचारा! की पेलाही आधी तपासायचाय?"

काका स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि त्या कोणी दुरुस्त करतंय की नाही बघायचं, हे त्यांचं काम. पुण्यात असल्यापासून ते हेच करतात, आणि घरी आल्यावर ते थांबवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. काकूंनी आमटी वाढली की पहिला भुरका मारून ते डोळे मिटतात. "चिंच जास्त झालीय. मायनर बग. गूळ वेळेवर आलाय." मग डोळे उघडून निकाल देतात, "रिलीजला हरकत नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवीन पडदे, शेजारच्या डच आजींचं मांजर, मंडळातल्या जोश्यांच्या मुलाचं लग्न, सगळ्यांना आधी बग, मग हे प्रमाणपत्र. बिनशर्त चांगलं ते कशालाच म्हणत नाहीत. काकू म्हणतात, "मला बघायला आले तेव्हाही असंच काहीतरी म्हणाले असणार, माझ्यापर्यंत आलं नाही इतकंच."

इथल्या घरच्या डॉक्टरवर मात्र त्यांचा फार राग. "अरे लायडन," ते मला लायडन म्हणतात, "मी स्वतः टेस्ट करून बघितलंय. ताप घेऊन गेलो, पॅरासिटामॉल. गुडघा घेऊन गेलो, पॅरासिटामॉल. एकदा तर नुसता हिला सोडायला गेलो होतो, मलाही पॅरासिटामॉल. कुठलाही इनपुट द्या, आउटपुट एकच. ही सिस्टिम चालते कशी?"

"पण तुम्ही बरे झालात ना दर वेळी?" काकू.

"तो वेगळा मुद्दा आहे."

आता त्या सुपरहिरोकडे, बेसॉल्टकडे येतो. मला दिलेल्या खोलीत पलंगाच्या वर एक मोठं पोस्टर होतं. काळा, खडबडीत, डोंगरासारखा माणूस, आणि मुठी वळलेल्या. पहिल्या रात्री मला त्याच्याखाली नीट झोप लागली नाही. सकाळी मी विचारलं, हा कोण? काकांच्या हातातला चमचा थांबला.

"तू बेसॉल्ट पाहिला नाहीस?"

मी कबूल केलं. आमच्याकडे पिक्चर बघायचं फारसं वळण नव्हतं. त्यातून इंग्रजी, त्यातून उडणारे लोक.

"हा उडत नाही," काका जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "तीन टनांचा आहे तो. उडेल कसा?"

त्याच शनिवारी मला सोफ्यावर बसवून पहिला भाग दाखवण्यात आला. एक साधा भूगर्भशास्त्रज्ञ ज्वालामुखीत पडतो, आणि तेव्हापासून मुठी आवळल्या की त्याचं अंग दगडाचं होतं. काका दर दहा मिनिटांनी पिक्चर थांबवून मला समजावत होते.

"दगड कुठला? बेसॉल्ट. बेसॉल्ट म्हणजे काय? आपला काळा कातळ! सह्याद्री! हा माणूस मुळात आपला आहे, लायडन. यांनी उगाच त्याला परदेशी दाखवलाय."

"मग त्याला म्हणावं, आधार कार्ड दाखव," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"आणि इथल्या समुद्राच्या बांधांना कुठला दगड लावलाय? हाच. डच लोकांना वाचवतंय कोण?"

"सह्याद्री," मी म्हणालो. मला वाटतं, त्या क्षणी माझी खोली पक्की झाली.

दुसरा भाग ऑक्टोबरात येणार होता. सप्टेंबर संपता संपता काकांनी संचारबंदी जाहीर केली. कोणी शेवट सांगून टाकू नये म्हणून मंडळाचा ग्रुप बंद, पुण्याच्या भावंडांचा ग्रुप बंद, ऑफिसचा खासगी ग्रुप बंद. ज्यांच्यावर संशय होता त्यांचे एकेकट्याचे मेसेजही दिसणार नाहीत अशी व्यवस्था. फक्त फोन वाजेल तो घ्यायचा. ट्रॅममध्ये ते कानांना मोठे हेडफोन लावून बसत, त्यांत काही वाजत नसे. ऑफिसात जेवताना भिंतीकडे तोंड. एकदा कॅन्टीनमध्ये एका डच सहकाऱ्याने "बेसॉल्ट" एवढा शब्द उच्चारला मात्र, काकांनी मोठ्यांदा गणपतीची आरती सुरू केली. त्या बिचाऱ्याला वाटलं आज काही सण आहे. त्याने अभिनंदन केलं.

पहिल्या दिवशी मला घेऊन ते मुद्दाम लांबच्या थिएटरात गेले. इथे मध्यंतराला पाउझ म्हणतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी ती नसते, सलग पिक्चर दाखवून मोकळे होतात. काकांनी पाउझ असलेलं थिएटर शोधून काढलं होतं. दिवे गेले. बेसॉल्ट आला. खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती. एक मोठं धरण फुटायला आलंय, खाली गाव आहे, बेसॉल्ट भेगेला पाठ लावून उभा राहतो, आणि दिवे लागले. पाउझ.

काका उठले, कोट घातला. "चल."

मला वाटलं पॉपकॉर्न घ्यायला. पॉपकॉर्नच्या रांगेवरून आम्ही पुढे गेलो, दारातून बाहेर गेलो, बसस्टॉपवर गेलो.

"काका, पिक्चर राहिलाय ना अजून?"

"उत्तरार्ध राखून ठेवलाय," ते म्हणाले. "आज फक्त पूर्वार्ध तपासायचा होता."

मला पुढे विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्याच घरात राहतो, त्यांनीच तिकीट काढलेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. पुन्हा पाठ, भेग, दिवे, कोट. तिसऱ्यांदा ते एकटेच गेले, मला सबमिशन होतं. मी आजतागायत त्या धरणाच्या खालच्या गावाचं काय झालं ते पाहिलेलं नाही.

दिवाळीच्या फराळाला मंडळात कोणीतरी सहज विचारलं, "काय दातार, बेसॉल्ट टू कसा आहे?" झालं. काकांनी चिवड्याची बशी खाली ठेवली आणि उभे राहिले.

"बग नंबर एक. तीन टनांचा माणूस लिफ्टने अठराव्या मजल्यावर जातो. लिफ्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, आठ व्यक्ती. बग दोन. दगड झाल्यावर त्याला ऐकू येत नाही, हे पहिल्या भागात ठरलंय. मग व्हिलनच्या धमकीला हा उत्तर कसं देतो? ओठ वाचतो म्हणावं तर व्हिलनने मुखवटा घातलाय. बग तीन. पहिल्या भागात तळ्यात बुडत होता, आता पोहतो. दगड कधी पोहायला शिकला?"

लोक हसत होते. मग काकांचा आवाज जरा खाली आला.

"पण एक सांगतो. पहिल्या भागात हा फार बोलायचा. दर मारामारीनंतर भाषण. या वेळी धरणाला पाठ लावून उभा राहतो तेव्हा एक शब्द बोलत नाही. नुसता उभा राहतो. सुधारलाय माणूस. व्हिलन कच्चा आहे, गाणं नको होतं, तरी पहिल्यापेक्षा मला हा बरा वाटला. रिलीजला हरकत नाही."

टाळ्या झाल्या. आइंडहोव्हनचे कुलकर्णी, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारे, तिथे होते. ते म्हणाले, "आणि शेवट? शेवट काय जबरदस्त घेतलाय ना?"

"शेवट पाहिलेला नाही."

"म्हणजे?"

"मी पाउझपर्यंतच पाहिलाय."

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुलकर्णी म्हणाले, "अहो दातार, अर्ध्या यंत्रावर आम्ही रिपोर्ट देत नाही! थांबा, मी सांगतो शेवट." काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तसेच, हात न काढता, कोपराने दार उघडून बाहेर गेले. त्यांचा कोट मी घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी काकू पोळ्या लाटत होत्या, मी भाजत होतो. हे काम मला घरून येतं. मी हळूच विचारलं, काका पूर्ण पिक्चर का बघत नाहीत? काकूंनी लाटणं थांबवलं नाही.

"जुईसाठी ठेवलाय."

जुई म्हणजे त्यांची मुलगी, जिच्या पोस्टरखाली मी झोपतो. तिचं आणि काकांचं लहानपणापासूनचं एक होतं. पिक्चरला गेले की पाउझमध्ये दोघं बाहेर येणार, ती चिप्स खाणार, आणि पुढे काय होणार ते काका तिला सांगणार. आणि दर वेळी चुकणार. "एकदा यांनी सांगितलं, तो कुत्रा खरा व्हिलन निघणार. ती इतकी हसली, इतकी हसली, चिप्स नाकात गेले. तिला मराठी समजायचं पण उत्तर डचमध्ये यायचं. यांना तेव्हा डच धड येत नव्हतं. पाउझमध्ये मात्र दोघांना सगळं कळायचं. बेसॉल्टचा पहिला भाग तसाच पाहिला. दुसरा आला की पहिल्या दिवशी जायचं असं तेव्हाच ठरलेलं."

"मग?"

"मग काय. उन्हाळ्यात तिने सांगितलं, कॉम्प्युटरचा कोर्स सोडतेय, लहान मुलांची शिक्षिका व्हायचंय. जेवायला बसलो होतो. यांनी सुरू केलं. बग नंबर एक, पगार. बग नंबर दोन, पुढे वाव नाही. बग नंबर तीन..." काकूंनी पोळी माझ्याकडे दिली. "पोरगी उठली. म्हणाली, इक बेन खेन सॉफ्टवेअर, पापा. मी सॉफ्टवेअर नाहीये. एरवी ती यांना बाबा म्हणते. दुसऱ्या दिवशी ग्रोनिंगनला गेली. माझ्याशी बोलते, दर रविवारी. यांचं नाव निघालं की म्हणते, बाबाने बोलावं. हे म्हणतात, तिने फोन करावा. मी मध्ये पडत नाही. पडले की दोघं मिळून माझ्यावर उलटतात."

"काका वाट बघतायत?"

"पोळी करपतेय तुझी," काकू म्हणाल्या.

त्यानंतर मला काकांकडे बघणं अवघड झालं. फोन वाजला की ते आधी हात पुसायचे, मग उचलायचे. बहुतेक वेळा वीज कंपनी असायची. पिक्चर एकेका थिएटरातून उतरत चालला होता. काका रोज सकाळी कुठे अजून लागलाय ते बघायचे आणि टॅबलेट उलटा ठेवायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी जुईचा मला मेसेज आला. आम्ही तोपर्यंत भेटलो नव्हतो. लायडनला मैत्रिणीकडे येतेय, कपाटात माझा जाड कोट आहे, तो स्टेशनवर आणशील का दादा, असं रोमन लिपीत मराठीत लिहिलं होतं. मी कोट घेऊन गेलो. काकांसारखंच कपाळ, काकूंसारखं बोलणं. कोट घालून तिने आधी चेन वरखाली दोनदा करून बघितली. मला हसू आलं.

"काय?"

"काही नाही."

मग तिने जमिनीकडे बघत विचारलं, "दादा, बाबा अजून चिडलाय का?"

"नाही. मला तरी वाटत नाही."

"मग त्याने रिप्लाय का नाही केला? मी पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच लिहिलं होतं त्याला. येऊ का, आपण बघू या, असं. त्याने ओपनच नाही केलं. इतके दिवस मी वाट बघितली."

मी तिला संचारबंदीची गोष्ट सांगितली. हेडफोन, भिंत, आरती, सगळं.

"सगळ्यांना बंद केलं? मला पण?"

"तुला सगळ्यात आधी. तुझ्या पोटात शेवट राहत नाही म्हणे."

"ते खरंय," ती म्हणाली, आणि हसली, आणि मग कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "पण फोन करायचा ना त्याने मग!"

"ते तुझ्या फोनची वाट बघतायत."

"फोन कोण करतं, दादा?"

आमच्या घरीही मी टाइप करतो आणि वडील फोन करतात.

मग तिने मला दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या बाबाला सांग म्हणाली. आता लिहूच का, असंही म्हणाली, पण लगेच, नको, तो वाचणार नाही, तूच सांग.

घरी आलो तेव्हा काका दारातल्या बोळात सायकल उलटी ठेवून चेनला तेल घालत होते. मी बूट काढायच्या आत म्हणालो, "काका, जुई भेटली होती. तिने पिक्चर..."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. काळ्या तेलासकट.

"शेवट नको! लायडन, शेवट सांगायचा नाही!"

"शेवट नाही सांगत, काका."

"काय?"

"शेवट नाही!"

"ऐकू येत नाही!"

काकू स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी काकांची दोन्ही मनगटं धरून हात खाली ओढले आणि म्हणाल्या, "मुलगी भेटलीय त्याला. ऐका."

काकांचे दोन्ही कान काळेभोर झाले होते. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी जमेल तसं, चाचरत, पहिली गोष्ट सांगितली. जुईने पिक्चर पाहिला. पूर्ण पाहिला, मैत्रिणींबरोबर. पण त्याच्या आधी तिने तुम्हाला लिहिलं होतं, येऊ का म्हणून, आणि ते तुमच्या बंद केलेल्या मेसेजांत पडून आहे.

काका सायकलीशेजारी जिन्याच्या पायरीवर बसले. उलट्या सायकलीचं चाक अजून फिरत होतं, ते त्यांनी बोटाने थांबवलं.

"पूर्ण पाहिला," ते म्हणाले. "पाउझमध्ये काय केलं तिने?"

"तिथे पाउझ नव्हती, काका. ती म्हणाली, दिवे लागतील म्हणून मी वाट बघत होते, आणि एकदम पिक्चर संपला."

त्यांनी मान हलवली. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. जुई रविवारी घरी येतेय. परत बघायचा म्हणतेय, पाउझ असलेल्या थिएटरात. आणि तिने सांगितलंय की धरणाचं पुढे काय होतं ते बाबाने मला बाहेर चिप्स खाताना पहिल्यापासून सांगायचं, त्याला जसं वाटतं तसं, आणि मला सगळं माहीत असलं तरी मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही.